कीमन काकांची स्मरणिका आणि स्मृतिचषक: काम नेमकं कसं लिहावं, मैदान परत कसं करावं?

आठवणवही
मंडळी, मदत हवी आहे. आमच्या रेल्वे वसाहतीच्या कबड्डी मंडळाचे कीमन काका गेले. कीमन म्हणजे रेल्वेचा रूळ तपासणारा माणूस. दिवस रुळावर, संध्याकाळ मैदानावर आणि उरलेला सगळा वेळ घराला, असा माणूस. मंडळ १६ पानी स्मरणिका काढतंय आणि त्यांच्या नावाने फिरता चषक ठेवतंय.

स्मरणिकेच्या पहिल्या मसुद्यात "ते रेल्वेत गँगमन होते, ऊन-पावसाची पर्वा न करता त्यांनी सेवा केली, खेळावर त्यांचं जिवापाड प्रेम होतं" एवढंच आहे. हे कुणाच्याही फोटोखाली छापता येईल. त्यांचं म्हणून काही लिहायचं आहे. तीन प्रश्न आहेत. कीमन रोज नेमकं काय करतो? ते आजारी पडल्यापासून मैदान तसंच पडून आहे, ते त्यांनी राखलं होतं तसं कसं करायचं? आणि स्पर्धा कधी ठेवायची? काही जण १५ जुलै म्हणतात, कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, कबड्डी दिन.

रूळवाट
आधी शब्द दुरुस्त करा. गँगमन, कीमन आणि मुकादम ही तीन वेगळी माणसं आहेत. गँगमनला आता कागदोपत्री ट्रॅक मेंटेनर म्हणतात. तो गँगबरोबर, म्हणजे रुळाची देखभाल करणाऱ्या टोळीबरोबर, पॅकिंग (स्लीपरखाली खडी ठासणं), खडी ओढणं, स्लीपर म्हणजे रुळाखालचे आडवे पट्टे बदलणं ही कामं करतो. मुकादम गँग चालवतो. कीमन मात्र एकटा चालतो. गँगमध्ये बरीच वर्षं काढलेल्या आणि ज्याच्या नजरेवर भरवसा आहे अशाच माणसाला ते काम देतात. रुळाचे सांधे बदलणारा पॉइंट्समन तर वेगळ्याच खात्याचा. स्मरणिकांमध्ये हे सगळे एकाच "रेल्वे कर्मचारी" शब्दात बसवतात, तिथेच माणूस हरवतो.

कीमनची बीट, म्हणजे त्याने तपासायचा पट्टा, साधारण सहा किलोमीटरची असते. रोज एकदा पूर्ण बीट पायी तपासायची. नियम असा की जाताना एका रुळाच्या बाजूने जायचं आणि येताना दुसऱ्या, म्हणजे दोन्ही रूळ जवळून बघितले जातात. बारा किलोमीटर झाले, तेही खडीवरून. स्लीपरमधलं अंतर ६० सेंटिमीटर, ते माणसाच्या पावलात बसत नाही. एक स्लीपर धरून चाललं तर पाऊल आखडतं आणि दोन धरले तर ताणतं. नव्या माणसाच्या पोटऱ्या आठवड्यात भरून येतात.

आता चाव्या. पूर्वीच्या बिडाच्या सीएसटी-९ स्लीपरवर रूळ पाचरीसारख्या चावीने आवळलेला असे. ती ठोकणारा म्हणून तो कीमन, गँगच्या भाषेत चावीवाला. आज काँक्रीटच्या स्लीपरवर वळवलेल्या पोलादी सळईची क्लिप असते, प्रत्येक स्लीपरला चार. किलोमीटरला १६६० स्लीपर धरले तर ६६४० क्लिपा, आणि सहा किलोमीटरच्या एकेरी मार्गावर ३९,८४०. गाडीच्या हादऱ्याने त्या हळूहळू बाहेर सरकतात. कीमन चालता चालता बघतो आणि बाहेर आलेली हातोड्याने आत घेतो. जास्त ठोकली तरी चूक, क्लिप ताणली जाते आणि तिची पकड कमी होते. दमट हवेत ती गंजून घट्ट बसते आणि मग निघता निघत नाही, म्हणून काढून, साफ करून, ग्रीस लावून परत बसवावी लागते.

याशिवाय फिशप्लेटचे (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे) बोल्ट, वेल्डचे जोड, स्लीपरखालून निसटलेली खडी, क्लिपखालचे लाईनर, रुळाखालचे रबर पॅड, सगळं त्याच फेरीत. बरोबर हातोडा, पाना, दोन लाल झेंडे, एक हिरवा आणि फटाके. हे दिवाळीचे नव्हेत, रुळावर बसवायचे डिटोनेटर.

आठवणवही
रूळवाट, खूप आभार. काकांच्या घरी हातोडा आहे, पण तो फोटोत ठेवावा का यावर वाद चाललाय. आणि रूळ तुटलेला सापडला तर एकटा माणूस काय करतो?

रूळवाट
हातोडा सरकारी नसेल तर जरूर ठेवा. खात्याची अवजारं निवृत्तीला जमा करायची असतात, तेवढं बघून घ्या.

रूळ तुटलेला दिसला तर आधी गाडी थांबवायची, दुरुस्ती नंतर. जागेवर लाल झेंडा रोवायचा आणि ज्या बाजूने गाडी आधी येणार त्या बाजूला झेंडा दाखवत पळायचं. ब्रॉडगेजवर पूर्ण संरक्षण म्हणजे ६०० मीटरवर बॅनर फ्लॅग (रुळावर आडवं ताणलेलं लाल कापड) आणि १२०० मीटरवर तीन फटाके, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की आवाज होतो आणि लोको पायलट गाडी उभी करतो. १२०० मीटर का? भरधाव गाडीला ब्रेक लावल्यावर थांबायला तेवढं अंतर लागतं म्हणून. दुरुस्ती पुढची गोष्ट. तुटलेल्या जागी जॉगल फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून गाड्या हळू सोडतात, वेल्ड नंतर होतं.

ऋतूंचं लिहायचं असेल तर "ऊन-पाऊस" एवढ्यावर सोडू नका. प्रत्येक ऋतूत धोका वेगळा असतो. १३ मीटरचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला की जवळपास ६ मिलिमीटर वाढतो. पण आजचे रूळ लांबच लांब वेल्ड केलेले, त्यांना वाढायला जागाच नाही. तो जोर आतच साठतो आणि खांद्याची, म्हणजे स्लीपरच्या टोकांबाहेरची, खडी कमी असेल तर रूळ आडवा वाकतो. म्हणून रुळाचं तापमान, तो ज्या ठरलेल्या तापमानाला ताणरहित बसवलेला असतो त्याच्या २० अंश वर गेलं की उन्हाळी गस्त सुरू होते, म्हणजे दुपारीच, जेव्हा बाकीचे सावलीत असतात. थंडीत उलटं. रूळ आखडतो आणि कच्चा वेल्ड पहाटे तुटतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त, घाटात दरड आणि पुलाजवळ भराव. पुण्याकडचा बोर आणि नाशिककडचा थळ, दोन्ही घाटांत चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर आहे. तिथल्या गस्तीवाल्याला अंधारात दरडीचा आवाज आणि पाण्याचा आवाज वेगळा ओळखावा लागतो.

क्वार्टरचं अंगण
घराबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. "कुटुंबवत्सल" हा शब्द स्मरणिकेत येणारच, पण त्याचा पुरावा ड्युटीच्या वेळापत्रकात असतो. काकूंना "ते कसे होते" असं विचारू नका. त्या "फार चांगले होते" म्हणतील आणि रडतील, तुम्हालाही पुढे विचारवणार नाही. पावसाळ्यात रात्रीच्या गस्तीचा डबा किती वाजता भरायचा ते विचारा. रेस्ट कुठल्या वारी असायची आणि त्या दिवशी घरात काय ठरलेलं असायचं? मुलांच्या परीक्षा आणि गस्तीचा मोसम एकत्र आला तर काय करायचे? पास काढून सगळे कुठे गेले? रात्रपाळीच्या दिवशी दुपारी झोप व्हावी म्हणून घरात कोण आवाज न करता वावरायचं? अशा प्रश्नांना माणसं हातवारे करून उत्तरं देतात आणि त्यातच तो माणूस दिसतो.

मुलांकडून एक गोष्ट हमखास मिळेल, गणवेशाची. नारंगी जाकीट, बूट, रेनकोट घरात कुठे टांगलेलं असायचं तेही विचारा.

पेन्शनखिडकी
तारखांसाठी आठवणीवर विसंबू नका. पेन्शनच्या आदेशावर, म्हणजे पीपीओवर, नेमणुकीची तारीख, निवृत्तीची तारीख आणि शेवटचं पद असतं. कुटुंबाला तो कागद तसाही लागणार आहे. काकूंचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायला मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि बँकेचा अर्ज लागतो. पीपीओत पत्नीचं नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, बहुतेक वेळा काम तिथेच अडतं. स्मरणिकेत पीपीओ क्रमांक, बँक खातं किंवा क्वार्टर क्रमांक मात्र चुकूनही छापू नका. फोटोत कागद दिसत असेल तर तेवढा भाग कापा.

मातीमैदान
आता मैदान. वसाहतीतलं मैदान रुळाच्या जवळ असेल तर पहिला शत्रू खडी. धारदार कडांचा काळा दगड मातीत दिसत नाही आणि पकडीत गुडघा किंवा कोपर नेमकं त्यावरच आपटतं. म्हणून वरची दहा सेंटिमीटर माती पूर्ण उचला आणि वाळूच्या बारीक चाळणीतून काढा. नुसतं वरवर वेचून भागत नाही, पहिल्या पावसात खालची खडी वर येते.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. दोन्ही अंतिम रेषांमागे २ मीटर सोडून १ मीटर रुंदीचा, बाद खेळाडूंच्या बैठकीचा पट्टा, म्हणजे लांबी १९ मीटर झाली. माती करताना २० बाय १४ धरा, २८० चौरस मीटर. वरचा थर ५ सेंटिमीटर म्हटला तर १४ घनमीटर, जवळपास ५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). रोलर फिरला की माती बसते, म्हणून सव्वासहा ब्रास तरी मागवा. कमी पडली तर नंतर आणलेल्या मातीचा रंग आणि पोत वेगळा येतो आणि तेवढाच पट्टा मऊ राहतो. चढाईपटूचा पाय नेमका तिथे रुततो.

माती लाल हवी. काळी नको, वाळली की भेगा आणि भिजली की चिखल. चार घमेली चाळलेल्या मातीला एक घमेलं लाकडाचा भुसा, तोही चाळून. त्यात कपच्या असतात, त्या कातडीत शिरतात. खाली मुरमाचा थर १० सेंटिमीटर दाबून घ्या. मध्यरेषेपासून दोन्ही अंतिम रेषांकडे ३ सेंटिमीटर उतार ठेवा, पाणी साचत नाही आणि खेळाडूला उतार जाणवतही नाही.

पाणी रात्री मारा, रोलर सकाळी. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा पण तळव्याला चिकटू नये, ती वेळ. तळव्याला चिकटली तर रोलरलाही चिकटणार आणि थर सालपटासारखा उचलला जाणार. रोलर झाल्यावर दाताळ्याने वरचे दोन सेंटिमीटर मोकळे करा. हे बरेच जण विसरतात आणि मैदान अंगणासारखं कडक होतं. बघायला सुरेख, पण पडायला वाईट. सामन्यांच्या दिवशी दोन तास आधी चौरस मीटरला दीड ते दोन लिटर शिंपा.

शिट्टी
आखणीचं मी लिहितो. मध्यरेषेपासून सुरुवात करा, कोपऱ्यातून नको. लोखंडी टेप घ्या, कापडी टेप ताणते. चौकोन १३ बाय १० लावला की दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही १६.४० मीटर आले पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आला तर मैदान तिरकं आहे. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायचीच ती रेषा) ३.७५ मीटर, तिच्यापुढे बोनस रेषा १ मीटर. मग बोनसपासून अंतिम रेषेपर्यंत १.७५ उरलं पाहिजे. दोन्ही बाजूंचा राखीव पट्टा (लॉबी) १ मीटर. महिलांसाठी १२ बाय ८, कर्ण १४.४२, निदान रेषा मध्यापासून ३ मीटर.

रेषेची रुंदी ३ ते ५ सेंटिमीटर, आणि रेषा मैदानात धरली जाते. म्हणून मोजमाप बाहेरच्या कडेला. आतल्या कडेला मोजलं की निदान रेषेवरचे वाद पहिल्या सामन्यापासून सुरू होतात.

आखायला फक्की, म्हणजे पांढरी भुकटी, वापरा. कळीचा चुना नको, घामात मिसळून कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर इजा होते. रेषेसाठी पट्टी लावणार असाल तर ती खिळ्यांनी ठोकू नका, ते सामन्यात उपटतात.

रूळवाट
शिट्टी यांनी टेप आणि कर्णाचं लिहिलं म्हणून एक भर घालतो. वळणावर रुळाची गोलाई तपासायला २० मीटरची दोरी रुळाला लावतात आणि मधोमध दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. अशी दोरी ज्याने वर्षानुवर्षं धरली त्याच्या हातून मैदानाची रेषा वाकडी जात नाही. काकांच्या मैदानाच्या रेषा चांगल्या असत असं कुणी सांगितलं, तर त्यामागे हे शिक्षण आहे, तेही लिहा.

शिट्टी
तारखेचं. १५ जुलै हा दिवस मनाला पटतो, पण मातीवर नको. पावसात माती वाहते, घसरते, गुडघे फिरतात. आणि दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: जूनपासून पावसाळी गस्त सुरू होते. काकांच्या गँगमधली माणसं रात्री रुळावर असतील. ज्यांच्यासाठी स्पर्धा तेच नसतील. १५ जुलैला फोटोपूजन आणि स्मरणिका ठेवा, स्पर्धा नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी.

१६ संघांची बाद फेरी म्हणजे १५ सामने. सामना २०-५-२० मिनिटांचा, पण टाइम-आउट आणि संघ मैदानात यायचा वेळ धरून तास. एका मैदानावर संध्याकाळी सहा ते दहा, रोज चार सामने, चार दिवस. ११ संघ आले तर पाच संघांना पुढे चाल द्या, १० सामने होतील. चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा. सामन्याला सरपंच, म्हणजे मुख्य पंच, एक, पंच दोन, गुणलेखक एक आणि सहायक गुणलेखक दोन. चढाईचं ३० सेकंदांचं घड्याळ वेगळ्या माणसाकडे द्या, पंचाकडे नको. नखं कापलेली, अंगाला तेल नाही, कडं-अंगठी-साखळी काढलेली, ही तपासणी प्रत्येक सामन्याआधी. खुल्या पुरुष गटाला ८५ किलोची मर्यादा, वजनकाटा मैदानावरच ठेवा.

रूळवाट
रुळाजवळ स्पर्धा असेल तर हे नीट वाचा. लाल आणि हिरवे दिवे रुळाच्या बाजूने दिसतील असे लावू नका. लोको पायलटला तो सिग्नल वाटू शकतो. लाल पताका आणि लाल कापडाची कमानसुद्धा रुळाकडच्या बाजूला नको. कुणी कुठलीही वस्तू जोरात हलवली तरी तो थांबण्याचा इशारा धरला जातो, म्हणून जिंकल्यावर कुंपणाकडे जाऊन उपरणी-झेंडे हलवू द्यायचे नाहीत, एक कार्यकर्ता तिथेच उभा करा. फ्लडलाइटची तोंडं रुळाकडे पाठ करून. रुळावरच्या विजेच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि दोन मीटरच्या आत काहीही जाता कामा नये. मंडपाचा लोखंडी पाइप उभा करताना तो आधी आडवा धरून नेतात आणि मग उचलतात, अपघात त्या उचलण्यात होतो. जागा रेल्वेची असेल तर लेखी परवानगी घ्या.

मातीमैदान
स्मरणिकेत रेल्वेच्या खेळाडूंचं पान टाकणार आहात का?

आठवणवही
टाकायचा विचार आहे. स्वप्नील कुसाळे यांचं नाव बहुतेकांनी सुचवलं.

शिट्टी
टाका, पण नीट. स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असताना २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळ १९२८पासून आहे आणि खेळाडूंची भरती, शिबिरं, संघ ही मोठी व्यवस्था आहे. काकांची वाट वेगळी. ते रेल्वेत खेळाडू म्हणून आले नव्हते. बारा किलोमीटर चालून आल्यावर त्यांनी मैदानावर पाणी मारलं. दोन्ही एका पानावर ठेवलं की वाचणारा तुलना करतो आणि काकांचं पाणी मारणं लहान वाटू लागतं. वेगळं पान, शेवटाकडे.

क्वार्टरचं अंगण
शिट्टी यांच्याशी सहमत. मधलं पान काकांचंच राहू द्या.

आठवणवही
सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकूंकडे जाऊन आलो आणि डब्याची वेळ विचारली. त्या लगेच म्हणाल्या, "सव्वानऊ. भाकरी दोन, तिसरी फडक्यात वेगळी, बरोबरच्या माणसाला." मग आपणहून एक सांगितलं. नवा मसुदा असा केलाय:

"काका कीमन होते. सहा किलोमीटरची त्यांची बीट. जाताना एका रुळाने, येताना दुसऱ्या. हजारो क्लिपांमधली सैल झालेली एक त्यांना दिसायची आणि ती ते बेताने आत घ्यायचे, जास्त नाही. पावसाळ्यात सव्वानऊला डबा घेऊन निघायचे. बाकीच्या दिवसांत संध्याकाळी मैदानावर दोरी लावायचे, कर्ण मोजायचे, फक्की टाकायचे. रेषा आखून झाल्यावर चारही बाजूंनी एक फेरी मारायचे, रुळावर मारायचे तशीच, मान खाली घालून. खडीचा तुकडा दिसला की उचलून सदऱ्याच्या खिशात. कपडे धुवायच्या आधी खिसा रिकामा करायचा, हे काकूंच्या हाताला सवयीचं झालं होतं. त्या खडीची मागच्या दारी तुळशीभोवती त्यांनी कड केली आहे."

रूळवाट
"क्लिपा" काढा, "चाव्या" लिहा. त्यांच्या गँगचे लोक वाचणार आहेत.

क्वार्टरचं अंगण
कुठला खिसा, तेही विचारून घ्या.

आठवणवही
चाव्या केलं. खिशाचं फोन करून विचारलं. उजवा. डाव्या खिशात शिट्टी असायची.